कमांड एआय चालवेल, रिपोर्टवर सही कुणाची?

नागपूरच्या प्रताप नगरातून व्हीएनआयटीही जवळ आणि परसोडीचा आयटी पार्कही. त्यामुळे इथल्या घरांत बारावीनंतर काय, याची बोलणी सुरू झाली की कॉम्प्युटर शाखेचं नाव आधी निघतं. आता त्यात एक नवी काळजी आली आहे. मुलगी सायबर सिक्युरिटी म्हणते आणि बाबा विचारतात, ‘ते काम तर आता एआयच करतो ना?’ काळजी रास्त आहे. म्हणून एआय त्यात नेमकं काय करतो, ते आधी समजून घ्यायला हवं.

सिक्युरिटी टेस्टिंग म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याच्या सिस्टीमवर हल्ला करून बघणं आणि सापडलेल्या त्रुटी त्याला लिहून देणं. यातलं बरंचसं काम टर्मिनलवर कमांड टाइप करून चालतं. कोणते पोर्ट उघडे आहेत हे सांगणारं एनमॅप १९९७ पासून वापरात आहे. अशी शेकडो टूल्स काली लिनक्समध्ये एकत्र मिळतात. प्रत्येकाचे पर्याय निराळे, आणि ते पाठ होण्यातच नवख्याचा बराच वेळ जायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने एआयला बाहेरच्या टूल्सशी जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सर्वांसाठी खुला केला. त्याच्या आधारे कालीच्या मशीनवर एक छोटा सर्व्हर प्रोग्रॅम बसवता येतो. तुम्ही साध्या भाषेत म्हणायचं, ‘या पत्त्यावर काय काय चालू आहे ते बघ.’ एआय असिस्टंट योग्य टूल आणि त्याचे पर्याय निवडतो, सर्व्हर कमांड चालवतो, आलेलं आउटपुट वाचून असिस्टंट पुढची पायरी सुचवतो.

मग माणसाला काय उरलं? नोव्हेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिकनेच एक अहवाल प्रसिद्ध केला. चीन सरकारच्या पाठबळावरच्या एका गटाने कंपनीचा क्लॉड कोड हा एआय असिस्टंट अशाच टूल्सना जोडून सुमारे ३० संस्थांना लक्ष्य केलं आणि त्यातलं ८० ते ९० टक्के काम एआयने केलं, असं त्यात म्हटलं आहे. पालक घाबरतात ते या आकड्याला. पण त्याच अहवालात पुढे आहे की, एआय न चालणारे पासवर्ड ‘मिळाले’ म्हणून सांगत होता आणि जगजाहीर माहिती मोठा शोध म्हणून पुढे करत होता. कर्ल या जगभर वापरल्या जाणाऱ्या टूलच्या चमूने तर २०२६ च्या जानेवारीअखेर त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजनाच बंद केली. एआयकडून लिहून घेतलेल्या खोट्या रिपोर्टांनी ती माणसं बेजार झाली होती.

माझ्या मते पुढची नोकरी इथेच आहे. एआयने ‘त्रुटी सापडली’ म्हटल्यावर ती खरी की फॉल्स पॉझिटिव्ह, हे हाताने पुन्हा करून बघणारा माणूस लागेल. त्यासाठी टीसीपी, एचटीटीपी, लिनक्सच्या परवानग्या आणि थोडं पायथॉन पक्कं हवं. ज्याला एनमॅपचं आउटपुट स्वतः वाचता येत नाही, तो एआयची चूक पकडणार कशी? आणखीही धोके आहेत. तपासल्या जाणाऱ्या वेबसाइटवरच्या मजकुरात एआयसाठी छुप्या सूचना पेरलेल्या असू शकतात. ग्राहकाची गोपनीय माहिती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक कमांड चालण्याआधी माणसाची मंजुरी ठेवावी.

मागणीबद्दल विचाराल, तर ऑगस्ट २०१८ मधला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आठवा. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. म्हणजे हे काम जाणणारी माणसं अशा बँकांनाही लागतात.

आईबाबांनी एक गोष्ट मुलांना बजावून सांगावी. कॉलेजचं पोर्टल किंवा सोसायटीचं वायफाय ‘सहज तपासून’ बघायचं नाही. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कमांड एआयने चालवली, ही सबब वाचवणार नाही. सरावाला घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये मेटास्प्लॉइटेबल किंवा ज्यूस शॉप बसवा. मुद्दाम कच्ची ठेवलेली ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमीही फुकट आहे. आधी हाताने करा, मग तेच एआयकडून करून घ्या आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा.

प्रमाणपत्राची घाई नको. ओएससीपी या सिक्युरिटी टेस्टिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची असते, तिथे एआय चॅटबॉट चालत नाही आणि नंतरच्या २४ तासांत रिपोर्ट लिहून द्यावा लागतो. तेव्हा एखाद्या क्लासची भारी फी भरण्याआधी तिथे जाऊन विचारा: लॅब तुमची स्वतःची आहे का, मुलांचे रिपोर्ट कोण तपासतं, आणि मागच्या बॅचमधल्या एखाद्याने लिहिलेला रिपोर्ट दाखवाल का?