बोटाने दाबून न कळणारी सूज

डायलिसिसच्या रुग्णाला सूज आहे म्हटलं, की आपले कार्यकर्ते पहिल्यांदा त्याचा पाय अंगठ्याने दाबून पाहतात. खळगा पडला, म्हणजे अंगात पाणी साठलं. ते बरोबरच आहे. पण आज ज्या सुजेबद्दल लिहितोय, ती अशी दाबून कळत नाही. वैद्यकात तिला दाह म्हणतात.

पायात काटा रुतला की जागा लाल होते, ठणकते, आणि आठवड्याभरात शमते. ही शरीराची राखण. डायलिसिसच्या रुग्णात ही राखण महिनोन्‌महिने थांबतच नाही. यंत्राने रक्त धुतलं तरी काही विषद्रव्यं मागे उरतात. रक्त पुन्हापुन्हा कृत्रिम पडद्याला घासून जातं. मानेतल्या कॅथेटरवाटे जंतू शिरू शकतात. मग रक्तात सीआरपी वाढतं, अल्ब्युमिन घटतं, भूक मरते, दंड-मांड्या झिजतात. हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब होतात, आणि या रुग्णांत हृदयविकाराने दगावणारे फार.

आणखी एक. दाह असला की यकृत हेप्सिडिन जास्त सोडतं. ते लोहाच्या कोठाराला जणू कुलूपच लावतं. लोह अंगात असूनही रक्त बनायला मिळत नाही.

हे पुस्तकात वाचलेलं असूनही मी चुकलो. एक आजोबा पाड्यावरून पहाटेच्या एसटीने डायलिसिसला यायचे. हिमोग्लोबिन ७ च्या वर जाईना. मी रक्तवाढीच्या इंजेक्शनचा डोस वाढवत गेलो, आणि "घरी नीट खायला घालत नाही" म्हणून सुनेला बोललो. ती म्हणाली, "डॉक्टर, ताटावर बसतात हो, पण चावतच नाही त्यांना." तेव्हा कुठे मी बॅटरी घेऊन त्यांच्या तोंडात पाहिलं. मिशरीने काळ्या पडलेल्या हिरड्या, दोन दाढांच्या मुळाशी पू. दाढा काढल्या, हिरड्यांवर उपचार केले. पुढच्या काही महिन्यांत हिमोग्लोबिन ९ च्या पुढे गेलं. सुनेची माफी मागायची मात्र राहून गेली.

तेव्हा घरभेटीला गेलात की तोंड उघडायला सांगा. पायाची जखम, लांबलेला खोकला (या रुग्णांना टीबीचा धोका अधिक) विचारा. कॅथेटरची पट्टी ओली असेल किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. उद्यावर टाकू नका. हातावरचा फिस्टुला कॅथेटरपेक्षा कितीतरी सुरक्षित, पण तो वापरायला तयार व्हायला साधारण ६ आठवडे तरी जातात, म्हणून त्याची गोष्ट लवकर काढा. आणि दुकानातून मिळणारी 'सुजेची गोळी' या सुजेवर चालत नाही. उलट तिने उरलीसुरली लघवी कमी होते आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. घरात तिची पाकिटं दिसली, तर मला कळवा.