पेंढा आधी, मसाला मागून

भातझोडणी उरकली की दांडी, उच्छेळी, नवापूरपासून तारापूर-बोईसरपर्यंतच्या गोठ्यांत हिरवी वैरण आटते आणि गव्हाणीत नुसता पेंढा येतो. असा चोथट पेंढा कोठीपोटात रेंगाळतो. तिथले सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन तयार करतात आणि रवंथ करणारे जनावर तो ढेकरेवाटे सोडते. खाल्लेल्या ऊर्जेतला शेकडा २ ते १२ भाग असा वाया जातो. हवा तापते आणि वैरणीचा पैसाही जातो.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने २०१० साली स्वयंपाकातले मसाले तपासले. धन्याने मिथेन सुमारे ४० टक्क्यांनी घटला, हळदीने ३० टक्क्यांनी. मात्र हे आकडे प्रयोगशाळेतल्या भांड्यातले आहेत. जिवंत जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव मसाल्याला सरावतात. मात्रा वाढवली तर चोथा पचवणारे जिवाणूही मंदावतात आणि दूध घटते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: मसाल्याला पैसे मोजण्याआधी पेंढा सुधारा. पेंढा जितका चांगला पचेल, तितका दुधाच्या लिटरमागे मिथेन कमी.

१०० किलो पेंढ्याच्या कुट्टीला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडा. दाबून प्लास्टिकने हवाबंद झाका आणि २१ दिवसांनी उघडा. उग्र वास उडाल्यावरच घाला, सहा महिन्यांखालच्या वासरांना मुळीच नको. युरियाच्या पाण्याची बादली उघडी ठेवू नका, ते पिऊन जनावर दगावते. सोबत वालाचा पाला, बांधावरची शेवरी, सुकवलेले गिरीपुष्प द्या.

मग मसाला. एका जनावराच्या आंबोणात मूठभर भरडलेले धने घालून पाहा. खाणे, शेण आणि दूध यांवर लक्ष ठेवा. दुकानातले तुटके धने स्वस्त पडतात, पण बुरशीचा वास आला तर फेका, कारण बुरशीचे विष दुधात उतरते. रंग मिसळलेली हळद नको. लसूण धार काढल्यावरच द्या, नाहीतर दुधाला वास लागतो. पोट फुगलेल्या जनावराला ओवा-हिंग पाजताना मान उंच ओढू नका. पाणी फुप्फुसात जाऊन मरण ओढवते.

बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' हे पूरक खाद्य तयार केले आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्था सांगते. त्याची चौकशी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात करा, आणि गाभण जनावराला काहीही नवे देण्याआधी पशुवैद्यकाला विचारा.