परिचारिकेचे शिक्षण : कर्ज किती, कमाई किती?



या सदरात आम्ही नेहमी बेणे, खते आणि खोडव्याविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे, पण तो निघाला बांधावरच. बीबी गटात लागणीच्या नोंदी घेताना एका सभासदाने आम्हाला थांबवले. "सायेब, पोरगी बारावी सायन्सले आहे. नर्सिंगले घालाव म्हणतो. कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. म्हणे, बँक कर्ज देते, तुमच्या खिशातून काहीच नाही. कमी पडलं तर विहिरीकडचं एकरभर वावर गहाण टाकतो. जमते का?"

आम्ही म्हणालो, "भाऊ, वावराचं मागून पाहू. आधी हिशेब तर मांडू." तो हिशेब इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

आपल्या लोकांना कर्ज म्हटले की पीककर्ज आठवते. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येते. शैक्षणिक कर्जाचे तसे नाही. शिक्षण चालू असेपर्यंत व पुढे साधारण एक वर्ष हप्ता मागत नाहीत, हे खरे. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. इथेच पुष्कळ लोक फसतात.

समजा, बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत दरवर्षी १ लाख, असे ४ लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला. पहिल्या वर्षीच्या लाखावर पाच वर्षांचे व्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच १ लाख ४० हजार व्याज झाले. आता फेडायचे ५ लाख ४० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१३० रुपये हप्ता. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता ५,८०० वर येतो, पण एकूण फेड सुमारे पावणेदोन लाखांहून जास्त वाढते. हप्ता हलका दिसला म्हणून मुदत लांबवू नये.

यावर उपाय आहे. उसाचे बिल जमा झाले की त्या वर्षाचे व्याज भरून टाकावे. पहिल्या वर्षी १० हजार, मग २०, ३०, ४० आणि शेवटी ४०. तसे केले तर हप्ता फक्त मूळ ४ लाखांवर, म्हणजे सुमारे ५,२९० बसतो. शिवाय असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात सूटही देतात. मॅनेजरला स्पष्ट विचारावे.

आता कमाई. शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत मूळ वेतनाची सुरुवात ४४,९०० आहे. तिथे ७ हजारांचा हप्ता जाणवतही नाही. पण या जागांना परीक्षा आहे, स्पर्धा आहे, आणि सगळ्याच पोरी तिथे लागत नाहीत. बाकीच्या खासगी दवाखान्यांत जातात.

खासगी पगाराविषयी एक गोष्ट सभासदांना चटकन कळेल. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, असे तिने सुचवले. पण ही शिफारस आहे. आपल्या एफ.आर.पी.ला जसे कायद्याचे पाठबळ आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचे बंधन आहे, तसे इथे नाही. लहान गावांतले बरेच दवाखाने त्याहून कमी देतात. समजा १५ हजार मिळाले, तर ७,१३० चा हप्ता जाऊन निम्मेच हातात राहतात.

आणि तो कॉलेजचा माणूस ज्या जागेविषयी बोलत होता, ती मॅनेजमेंट कोट्यातली. वर्षाला पावणेदोन लाख, म्हणजे चार वर्षांचे ७ लाख. वरच्याच रीतीने व्याज धरले तर ९ लाख ४५ हजार, आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे १२,४९०. पंधरा हजारांतून अडीच हजार उरतात. त्यात खोलीभाडे तरी निघेल का? आकडा ऐकून सभासद गप्प झाले. पदवी दोन्हीकडे तीच, नोंदणीही त्याच महाराष्ट्र परिचर्या परिषदेची. फरक फक्त कोणत्या दाराने आत गेलो याचा.

म्हणून सीईटी द्यावीच. २०२४-२५ पासून शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, एस.ई.बी.सी. व ओ.बी.सी. मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट एकच महत्त्वाची : प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की माफी गेली. मग खर्च उरतो वसतिगृह, जेवण आणि पुस्तकांचा, आणि कर्ज लागलेच तर थोडके.

गुण कमी पडले तर जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला कमी लेखू नये. पुढे नोकरी करून दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतो. एम्सच्या परीक्षेला मात्र जी.एन.एम.वाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, हे ध्यानात ठेवावे.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत पाहू नका, त्याच्या रुग्णालयात पेशंट किती आहेत ते पाहा. खाटा रिकाम्या असतील तर पोरगी सुई टोचायला शिकणार कोणावर? मूळ कागदपत्रे अडकवून ठेवतात का, हे तिथल्याच जुन्या मुलींना विचारा. एजंटाला विचारून उपयोग नाही, त्याला दर प्रवेशामागे मिळत असते.

राहिले वावर. राष्ट्रीयीकृत बँका सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत, आईबाप सहकर्जदार होतात. तेव्हा विहिरीकडचे वावर सावकाराकडे नेण्याचे कारण नाही. सभासदांना हे माहीतच नव्हते.

सीईटीचे अर्ज गाळप हंगाम चालू असतानाच सुटतात आणि आपण तोडणीच्या पाठीमागे असतो. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रीमीलेयर व अधिवासाचा दाखला तहसीलातून आताच काढून ठेवा. निकालानंतर लोणारला रांग लागते. ज्यांना हप्त्याचा हिशेब करून हवा असेल त्यांनी फीचा छापील कागद घेऊन गट ऑफिसला यावे. तोंडी सांगितलेल्या फीवर आम्ही हिशेब मांडणार नाही.