टपाल थांबले आहे, हरवलेले नाही



ऊसबिलाची यादी कार्यालयाने सकाळी संगणकावरून बँकेला पाठविली आणि दुपार टळली तरी ती पोचलीच नाही, असे कोणत्याही कार्यालयात घडू शकते. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावयाचे असतात; त्यापुढे वार्षिक 15 टक्के व्याज लागते. तेव्हा हा विषय नुसता कारकुनांचा नाही, आपल्या खिशाचाही आहे. म्हणून आज हा उशीर का होतो ते समजून घेऊ.

मुंबईत कांजूरमार्ग स्टेशनला उतरून पवईकडे गेले की आयआयटी लागते. ही संस्था आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांच्यात 1986-87 च्या सुमारास अर्नेट प्रकल्पातून टेलिफोनवर संगणकाची पत्रे जाऊ लागली. यंत्र पत्र आपल्याजवळ साठवी आणि फोन लागला की पुढच्या यंत्राच्या हवाली करी. फोन नाही लागला तर पत्र थांबे, हरवत नसे. आज तारा वेगवान झाल्या, पण साठवून पुढे देण्याची रीत तीच आहे.

आता आपले यार्ड डोळ्यांपुढे आणा. गव्हाण तुंबली की फाटकावरचा माणूस गाड्यांना नंबर देऊन उभ्या करतो. यार्डही भरले तर गाडी बाहेरच थांबते. टपालाचे यंत्रही असेच वागते. अमेरिकेत बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल हा जुना टपाल-प्रोग्राम घ्या. चालू असलेली आणि पाळीची वाट बघणारी कामे मिळून जी सरासरी निघते, तिला यंत्राचा भार म्हणतात. हा भार दर प्रोसेसरमागे 8 च्या वर गेला की सेंडमेल पत्र घेतो, पण लगेच न पोचविता रांगेत टाकतो. 12 च्या वर गेला तर नवे पत्र घेतच नाही. पाठविणाऱ्या यंत्राला पुन्हा यावे लागते. हे मुळातले आकडे आहेत, ते बदलता येतात.

खरी मेख पुढेच आहे. भार उतरला तरी रांगेतले पत्र आपोआप उठत नाही. रांग तपासण्याची पुढची फेरी, मग ती पंधरा मिनिटांची लावलेली असो वा तासाची, आली म्हणजेच ते निघते. म्हणून यंत्र रिकामे दिसते आणि पत्र मात्र अडलेले असते.

तपास कसा करावा?

1. उशिरा आलेल्या पत्राचा मथळा पूर्ण उघडावा. प्रत्येक यंत्राने त्यावर वेळेची नोंद केलेली असते. ती खालून वर वाचावी. ज्या दोन नोंदींत मोठे अंतर, तिथे गाडी अडली. मात्र यंत्रांची घड्याळे जुळतात ना, हे आधी बघावे.

2. मेलक्यू हा हुकूम देऊन रांग पाहावी. किती पत्रे आणि कोणत्या कारणाने थांबली, ते तिथेच कळते.

3. अपटाइम हा हुकूम भाराचे तीन आकडे देतो : गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचे. पहिला मोठा असेल तर भार चढतो आहे, तिसरा मोठा असेल तर उतरतो आहे.

4. भार कशाचा, ते शोधावे. बिलांची छपाई, नोंदींची नक्कल, विषाणू-तपासणी एकाच वेळी लावली आहे काय? डिस्क भरली आहे काय?

उपाय गव्हाणीवर करावा, फाटकावर नव्हे. 8 चा आकडा 20 केला तर गाड्या आत येतील, पण गाळप वाढणार नाही. उलट सगळेच रखडेल. अवजड कामे रात्री लावावीत आणि भार उतरल्यावर रांगेची एक फेरी हाताने सोडावी.

शेवटी एक कळकळीची सूचना. पत्र पोचले नाही म्हणून तीच यादी पुन्हा पाठवू नये. रांग मोकळी झाली की बँकेच्या हाती दोन याद्या पडतात. एकाला दोनदा पैसे आणि निस्तरताना दुसऱ्याचे चौदा दिवस उलटतात. आधी रांग बघा, बँकेला फोन करा, मग काय ते ठरवा. नंबर लागलेली गाडी सोडून कोणी दुसरी गाडी रांगेत लावतो काय?