डोक्याला मार लागल्यावर आत काय चालतं?



गोपाळकाला जवळ आला की आपल्यातल्या कितीतरी जणींचा जीव मुंबईकडे लागतो. नवरा नाहीतर भाऊ लालबाग-परळच्या चाळीत, आणि पोरंही सणाला तिकडेच. मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "पडलं, रडलं, उठून बसलं. मग दवाखाना कशाला?" मी डॉक्टर नाही, पण प्रश्न मोलाचा आहे, म्हणून यावेळचा पाठ त्यावरच.

मार क्षणभराचा असतो, मेंदूतली गडबड नंतर कित्येक तास, कधी कित्येक दिवस चालते. मेंदूच्या पेशी एकमेकींशी रसायनांमार्फत बोलतात. त्यातलं एक ग्लुटामेट. एरवी ते जरासं सुटतं आणि लगेच आवरलं जातं. जबर मार बसला की धरणाचं दार उघडावं तसं ते भसाभस सुटतं. मग पेशींत कॅल्शियम घुसतं, पेशी दमतात, काही मरतात. हे सावरायला मेंदूला जास्त साखर आणि प्राणवायू लागतो, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडू शकतो. चूल मोठी पेटलेली आणि सरपण संपत आलेलं, तसं. त्यात सूज वाढते, अन् कवटी काही ताणत नाही. म्हणूनच गंभीर इजेत डॉक्टर मुलाला बरेचदा औषधाने झोपवून ठेवतात, मेंदूची भूक कमी व्हावी म्हणून.

तेव्हा पडलेलं पोर हसत असलं तरी लक्ष ठेवा. पुन्हापुन्हा उलटी, वाढती गुंगी, झटका, बरळणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८. मान हलवू नका. शुद्ध नसेल तर कांदा हुंगवणं, तोंडात साखरपाणी घालणं नको. ते श्वासनळीत जातं.

घरी आल्यावरही पोर चिडचिडं होतं, पाढे विसरतं. आपण म्हणतो, लाडावलंय. तसं नसतं, मेंदू अजून सावरत असतो. शाळा हळूहळू सुरू करा, खेळ डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

२०१४ मध्ये उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्यांना थरांवर बंदी घातली होती. २०१७ पासून मर्यादा १४ वर्षांची झाली. पण वरच्या थराला हलकं पोरच शोधतात, आणि ते ठरतं तेव्हा आपण गावी असतो. फोन आधीच करा.