उज्जैनचा श्रावण दीड महिन्याचा का?

प्रश्न : माझी नणंद उज्जैनला नानाखेड्यात राहते. आपली आषाढी एकादशी होऊन चार-पाच दिवस झाले की तिच्या शेजारणींचा श्रावण सुरू होतो. तिकडचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, एवढं मला ठाऊक आहे. मग तो पंधरा दिवस आधी संपायलाही हवा. पण राखीपौर्णिमा होऊन गेली तरी दर सोमवारी महाकालाच्या सवाऱ्या, म्हणजे पालखीच्या मिरवणुका, चालूच असतात आणि सगळ्यांत मोठी सवारी तर पोळ्याच्या तोंडावर निघते. असा दीड महिन्याचा श्रावण कोणत्या पंचांगात आहे? आणि आमच्या नणंदेनं सोमवार धरायचे तरी कोणते?

उत्तर : आपला हिशेब अगदी बरोबर आहे. पंधरा दिवस आधी लागलेला महिना पंधरा दिवस आधी संपलाच पाहिजे, आणि पंचांगात तो तसा संपतोही. दीड महिन्याचा श्रावण ना मराठी पंचांगात आहे, ना उत्तरेकडच्या. उज्जैनमध्ये दोन श्रावण एकमेकांना जोडले गेले आहेत, आणि त्यांतला सवारीचा मूळ श्रावण आपला, म्हणजे मराठी आहे.

आधी महिन्याचं गणित पाहू. पुण्याचा आणि उज्जैनचा चंद्र एकच, अमावास्या आणि पौर्णिमाही त्याच. फरक आहे तो महिना कुठे संपला असं धरायचं, एवढ्याच बाबतीत. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र या भागांत महिना अमावास्येला संपतो, म्हणून तो अमान्त. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार इकडे तो पौर्णिमेला संपतो, म्हणून पौर्णिमान्त. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखंच राहतं. वद्य पक्षाचं नाव मात्र तिकडे एका महिन्यानं पुढे जातं. आपला आषाढ वद्य तो त्यांचा श्रावण वद्य, आणि आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद वद्य.

त्यामुळे 'त्यांचं सगळंच पंधरा दिवस आधी असतं' ही समजूत खरी नाही. गोकुळाष्टमी आपण श्रावणात धरतो, नानाखेड्यातल्या शेजारणी ती भादोमध्ये धरतात, पण कृष्णजन्म दोन्ही घरांत एकाच रात्री होतो. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली, दिवस तोच. सणाची तिथी ठरलेली असल्यामुळे महिन्याचं नाव बदललं तरी सण हलत नाही. अडचण येते ती महिनाभर पाळायच्या व्रतांत. 'श्रावणातले सगळे सोमवार' म्हटलं की श्रावण कधीपासून कधीपर्यंत, हे ठरवावंच लागतं.

आता २०२५ सालचं कॅलेंडर समोर ठेवा. त्या वर्षी उत्तरेकडचा श्रावण ११ जुलैला लागला आणि ९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला संपला. आपला श्रावण २५ जुलैला सुरू झाला आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याअखेर पिठोरी अमावास्येला संपला. महाकालाच्या सवाऱ्या निघाल्या १४, २१ आणि २८ जुलैला, मग ४, ११ आणि १८ ऑगस्टला. एकूण सहा. यांतल्या पहिल्या चार उत्तरेकडच्या श्रावणातल्या. शेवटच्या चार, म्हणजे २८ जुलै ते १८ ऑगस्ट, नेमके आपले श्रावणी सोमवार. मधले दोन सोमवार सामाईक. उज्जैनचे लोक शेवटच्या दोन सवाऱ्यांना 'भादो की सवारी' म्हणतात; आपल्या हिशेबानं त्या श्रावणातल्याच. आणि सर्वांत मोठी सवारी, जिला कालपरवापर्यंत 'शाही' म्हणत आणि आता 'राजसी' म्हणतात, ती मराठी श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी निघते. २०२४ साली आपला श्रावण सोमवारी सुरू होऊन सोमवारीच संपला होता, हे अनेकांच्या लक्षात असेल. त्या वर्षी शाही सवारी २ सप्टेंबरला, ऐन पोळ्याच्या दिवशी निघाली.

अधिक श्रावण आला की हे आणखी लांबतं. २०२३ साली दहा सवाऱ्या निघाल्या होत्या. त्या वर्षीची गंमत अशी, की अधिक महिना उत्तरेकडेही अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच मोजतात. त्यामुळे तिथल्या श्रावणाचा वद्य पक्ष आधी आला, मग पूर्ण अधिक महिना मध्ये बसला आणि त्यानंतर उरलेला शुक्ल पक्ष आला.

पण पौर्णिमान्त मुलखातल्या देवस्थानात अमावास्येला संपणारा श्रावण आला कुठून? इथे इतिहासाकडे वळावं लागतं. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला आणि उज्जैन राणोजी शिंद्यांच्या वाट्याला. आज उभं असलेलं महाकालेश्वराचं मंदिर त्यांच्याच काळातलं आहे. तेराव्या शतकात इल्तुत्मिशच्या स्वारीत जुनं मंदिर उद्ध्वस्त झालं होतं. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी १७३०च्या दशकात ते पुन्हा बांधवून घेतलं. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, तोवर उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. त्यानंतरही १९४८ साली मध्य भारत राज्य होईपर्यंत हे शहर ग्वाल्हेर संस्थानात राहिलं. देवस्थानाचा खर्च, नेमणुका, उत्सव हे सगळं मराठी दरबाराच्या वहिवाटीनं चाले. दरबाराचं पंचांग अमान्त, म्हणून देवाची पालखीही अमान्त श्रावणात निघे.

उज्जैनमधले जाणकार सांगतात, की पूर्वी सवारी राखीपौर्णिमेच्या पंधरवड्यापासून भादोच्या अमावास्येपर्यंतच निघायची. स्थानिक लोकांचा श्रावण त्याआधीच अर्धा झालेला असायचा आणि त्या सोमवारी पालखी नसायची. पुढे ज्योतिषाचार्य पंडित सूर्यनारायण व्यास आणि तेव्हाचे कलेक्टर महेश नीलकंठ बुच यांच्या पुढाकारानं आधीच्या पंधरवड्यातले सोमवारही जोडले गेले. जुनं काही काढलं नाही, नवं फक्त पुढे लावलं. वाद न घालता दोन्ही पंचांगांचा मान राखणारा हा तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो.

याला भक्कम दुजोरा मिळतो तो कार्तिकात. महाकालाच्या सवाऱ्या कार्तिक-अगहनमध्येही (अगहन म्हणजे मार्गशीर्ष) निघतात, पण त्यांची बाहेर फारशी चर्चा होत नाही. त्या दिवाळीनंतरच्या शुक्ल पक्षात सुरू होतात आणि पुढच्या अमावास्येला आटोपतात. २०२५ साली त्या २७ ऑक्टोबर, ३, १० आणि १७ नोव्हेंबरला होत्या. उत्तरेच्या हिशेबानं हा अर्धा कार्तिक आणि अर्धा अगहन, असा तुटक काळ होतो. आपल्या हिशेबानं मात्र तो प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा अख्खा कार्तिक महिना आहे. इथे आधीचा पंधरवडा कुणी जोडला नाही, त्यामुळे मूळचं मराठी माप जसंच्या तसं राहिलं.

राहिला नणंदेचा प्रश्न. त्यांनी माहेरच्या रीतीनं आपलेच सोमवार धरावेत. उज्जैन-इंदूरकडची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या अमान्त पंचांग पाळत आली आहेत. शिवामूठ वाहायची असेल तर पहिली मूठ तांदळाची, मग तीळ, मूग, जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू. मोजणी आपल्या श्रावणाच्या पहिल्या सोमवारापासून करायची. शेजारणींबरोबर आधीचे दोन सोमवार केले तर काही बिघडत नाही, पण ते शिवामुठीत मोजू नयेत.

प्रश्न : सवारीबरोबर वेगवेगळे मुखवटे असतात, ते काय आहेत? आणि शंकराची पालखी कृष्णाच्या देवळासमोर का थांबते?

उत्तर : गाभाऱ्यातलं लिंग अर्थातच हलत नाही. देव नगर पाहायला निघतो तो मुखवट्यांच्या रूपानं. पहिल्या सोमवारी पालखी निघते, आणि पुढच्या प्रत्येक सवारीत आणखी एक रूप सामील होतं. पालखीत चंद्रमौलेश्वर, हत्तीवर मनमहेश, गरुडरथावर शिवतांडव, नंदीरथावर उमामहेश, अशी रांग वाढत जाते. या रांगेत 'होळकर स्टेट' नावाचा मुखवटाही असतो. १८०१ साली यशवंतराव होळकरांनी याच उज्जैनमध्ये शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला होता. दोन्ही घराण्यांचं वैर किती टोकाचं होतं, ते इतिहासात वाचायला मिळतं. त्या शिंद्यांच्या शहरात, त्यांच्याच आश्रयानं वाढलेल्या सवारीत होळकरांच्या नावाचा मुखवटा मानानं मिरवतो, हे मराठी माणसानं मुद्दाम पाहावं असं आहे.

पालखी दुपारी चारच्या सुमारास निघते. मंदिराच्या दारात सशस्त्र पोलीस तिला सलामी देतात, कारण महाकाल हा उज्जैनचा राजा. गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी करत ती रामघाटावर पोचते. तिथे क्षिप्रेच्या पाण्यानं अभिषेक होतो आणि मग कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक या वाटेनं पालखी गोपाल मंदिरासमोर येते. हे मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधवलं. त्या कागलच्या घाटग्यांच्या घरातल्या. पालखी इथे थांबते ती शिंदे घराण्याकडून होणाऱ्या पूजेसाठी.

हरी आणि हराची खरी भेट मात्र वैकुंठ चतुर्दशीला, मध्यरात्री होते. चातुर्मासात विष्णू बळीच्या घरी पाताळात असतो आणि सृष्टीचा कारभार शंकर पाहतो, अशी श्रद्धा आहे. देव उठल्यावर तो कारभार परत सोपवायला महाकालाची पालखी गोपाल मंदिरात येते. एरवी विष्णूला तुळस आणि शंकराला बेल. त्या रात्री महाकालाकडची बेलाची माळ गोपाळाला जाते आणि गोपाळाची तुळशीची माळ महाकालाला.

या मंदिराचे चांदीचे दरवाजे सोमनाथचे आहेत, गझनीचा महमूद ते घेऊन गेला आणि महादजी शिंद्यांनी लाहोरहून परत आणले, असं तिथे आवर्जून सांगतात. ही दंतकथा म्हणूनच ऐकावी. १८४२ साली इंग्रजांनीही गझनीहून 'सोमनाथची चंदनाची दारं' वाजतगाजत आणली होती. तपासल्यावर ती देवदाराची निघाली आणि आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिली. दरवाजांवरचं चांदीचं काम मात्र कथेशिवायही थांबून पाहण्यासारखं आहे.

प्रश्न : उज्जैनमध्ये कुठलाही राजा किंवा मुख्यमंत्री रात्री मुक्काम करत नाही, हे खरं का?

उत्तर : समजूत खरोखरच आहे, आणि अनेक मुख्यमंत्र्यांनी ती पाळली. एका नगरीत दोन राजे नकोत, असा त्यामागचा भाव. पण नियम म्हणून तो फार जुना असू शकत नाही, कारण शिंद्यांची राजधानीच १८१०पर्यंत इथे होती आणि राजधानीत राजा मुक्काम करणारच. त्याहून मागे जाऊन विक्रमादित्याची परंपरा मानली, तर तोही इथलाच राजा. म्हणजे राजधानी ग्वाल्हेरला गेल्यानंतर केव्हातरी ही समजूत रुजली असावी. डिसेंबर २०२३मध्ये मुख्यमंत्री झालेले मोहन यादव मूळचे उज्जैनचेच. त्यांनी पद हाती घेतल्यावर काही दिवसांतच तिथे रात्र काढली.

आता सवारी पाहायला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. इंदूरकडून येणाऱ्या बस नानाखेड्याच्या स्थानकावर येतात. हा भाग नव्या उज्जैनचा : स्टेडियम, वसाहती, रुंद रस्ते. सकाळी उतरलात तर गाडीवर पोहे-जिलबी मिळतील. तिथले पोहे वाफेवरचे. वर शेव, कांदा आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला घालतात. पोट भरून घ्या, कारण पुढे गर्दीत खायला सवड मिळत नाही. सवारी निघते ती जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांतून, त्यामुळे गाडी घेऊन आत शिरण्याचा विचार करू नये. गर्दी एवढी होते, की २०२५ साली कलेक्टरांनी सवारीच्या सोमवारी शाळांना सुट्टी देऊन त्याऐवजी रविवारी शाळा भरवल्या.

राजसी सवारीची तारीख शोधायला वेगळं पंचांग लागत नाही. घरच्या मराठी कॅलेंडरात श्रावण अमावास्येच्या आतला शेवटचा सोमवार पाहा. अमावास्याच सोमवारी असली तर तोच दिवस. दुपारी बारापूर्वी नानाखेड्याहून निघा आणि गोपाल मंदिराच्या चौकात जागा धरा. पालखी, रथ आणि सगळे मुखवटे तिथून नीट दिसतात.