पिवळी कण्हेर आणि हृदयाचा ताल



सचिनहून सुरतेकडे जा नाहीतर मरोलीकडे, कुंपणाला कुठेतरी पिवळी कण्हेर दिसतेच. गुजराती शेजारी तिला पीळी करेण म्हणतात, आपली मुले बिट्टी म्हणतात आणि तिच्या बिया खेळायला घेतात. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ती बरी. पण बी पोटात गेली तर हृदयाचा ताल बिघडतो.

तो कसा, ते पाहू. दर ठोक्याला हृदयाच्या पेशीत थोडे कॅल्शियम बाहेरून येते. ते आले की पेशीतल्या कोठारातून आणखी पुष्कळ सुटते आणि स्नायू आकसतो. मग ते सारे उपसावे लागते, नाहीतर स्नायू सैल कसा पडणार? हे काम विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, चालते. एक विकर कॅल्शियम परत कोठारात भरते. दुसरे पेशीच्या भिंतीत बसून सोडियम बाहेर फेकते व पोटॅशियम आत घेते. हे दुसरे कॅल्शियमला हातही लावत नाही. पण त्याच्यामुळे आत सोडियम कमी राहते, बाहेरचे सोडियम आत धावते, आणि त्या ओढीवर कॅल्शियम बाहेर पडते. पाण्याच्या उतारावर चालणाऱ्या चक्कीसारखेच हे. उतार गेला की चक्की थांबली. हे विकर डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी 1957 साली खेकड्याच्या पायातील नसांवर काम करताना दाखवून दिले. नोबेल मात्र त्यांना 1997 साली मिळाले!

कण्हेरीचे विष नेमके याच विकराला अडवते. सोडियम आत साठते, कॅल्शियम बाहेर जात नाही, कोठार फुगते आणि अवेळी गळू लागते. मग मध्येच जादा ठोके पडतात. शिवाय विषाने नाडी मंदावते आणि रक्तात पोटॅशियम वाढते. तांबडी कण्हेरही याच जातीची विषारी आहे.

गंमत अशी, की हेच काम मापात केले तर ते औषध ठरते. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी 1785 साली डिजिटॅलिस या झाडाच्या पानांविषयी लिहिले. आजची डिगॉक्सिनची गोळी त्याच कुळातली. घरात कुणी म्हातारे ती घेत असतील तर चुकलेली गोळी भरून काढायला दोन घेऊ नयेत. सोबत लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम कमी होऊन डिगॉक्सिनचा जोर वाढू शकतो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी टाळू नये.

मुलाने बी चावली असे कळले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका, तूप-दूध देत बसू नका. 108 ला फोन करा किंवा सुरतेच्या सिव्हिलसारखे मोठे हॉस्पिटल गाठा, उरलेले फळ सोबत न्या. ओकारी, जुलाब, तोंडात आग, मंद किंवा अडखळती नाडी ही लक्षणे. पण मूल हसतखेळत दिसले तरी ई.सी.जी. काढून निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवावे लागते, कारण ताल उशिरानेही बिघडतो. तेथे कोळशाची पूड, अॅट्रोपिन, गरज पडल्यास तात्पुरता पेसमेकर असे उपाय करतात.

कुंपण छाटाल तेव्हा फांद्या वैरणीजवळ टाकू नका. हिरवे पान गुरू टाळते, पण वाळलेले वैरणीत मिसळले तर खाऊन जाते, आणि वाळले म्हणून विष उतरत नाही.